सही होण्याआधी : ग्वाल्हेरात राहून मनोरंजन आणि कॉपीराइटची वकिली कशी शिकावी

माझ्या मामाची एकच कॅसेट निघाली, १९९७ साली. आठ भजनं, आणि आठही चाली त्याच्याच. दिल्लीच्या एका कंपनीने त्याला दोन दिवस बोलावून घेतलं, गाडीभाडं आणि चार हजार रुपये दिले, इंग्रजीतल्या तीन पानांवर सह्या घेतल्या. कागदाची प्रत त्यांनी दिली नाही, मामानेही मागितली नाही. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यातलं एक भजन लोकांच्या मोबाइलवर कॉलर ट्यून म्हणून वाजायला लागलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या आमच्या घरी ओसरीवर बसून मामाने विचारलं, "बाळा, तू वकिली शिकतेस ना? यात माझं काही निघतं का गं?"

मी पुष्कळ शोधलं आणि शेवटी त्याला एवढंच सांगू शकले, की मामा, तो कागद पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. चालींचा हक्क त्याने विकला होता की फक्त वापरायला दिला होता, किती वर्षांसाठी, कोणत्या माध्यमासाठी, सगळं त्या तीन पानांत होतं. आमच्या पत्रांना कंपनीकडून उत्तर आलं नाही. तोवर त्यांनी आपला सगळा संग्रह दुसऱ्या कुणालातरी विकून टाकला होता.

मी या कामात आले ती त्या कागदापायी. आता दरवर्षी दोन-चार मुलंमुली घरी येतात. "ताई, एंटरटेनमेंट लॉयर व्हायचंय, काय करू?" असं विचारतात. त्यांच्या डोळ्यासमोर मुंबई हायकोर्टात एखाद्या नटाची बाजू मांडणारा वकील असतो. तसेही वकील आहेत आणि ते मोठं काम करतात. पण या क्षेत्रातलं बहुतेक काम टेबलावर, मसुद्यावर, सही होण्याआधी होतं. ते ग्वाल्हेरात बसूनही करता येतं, आणि इथल्या कलाकारांना त्याची फार गरज आहे. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कायद्याच्या पुस्तकापासून करू नका. एक गाणं घ्या, वहीत आडव्या रेघा मारा आणि त्या गाण्यात कुणाकुणाचा हक्क आहे ते वेगवेगळं लिहा. शब्द गीतकाराचे, ते साहित्यकृती. चाल संगीतकाराची, ती सांगीतिक कृती. गायकाचा, आणि तबलजी-हार्मोनियमवाल्याचाही, सादरकर्त्याचा हक्क वेगळा. ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन केलं त्या निर्मात्याचं. यालाच धंद्यात सगळे 'मास्टर' म्हणतात. चित्रपटात वापरलं तर चित्रपटाचा हक्क आणखी निराळा. प्रत्येक रेघेपुढे मुदत लिहा. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षं. सादरकर्त्याचा ५० वर्षं. वर्षं मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून.

अशी पन्नास गाणी सोडवा. मी माझ्या ज्युनिअरला पहिले दोन महिने दुसरं काही देत नाही. जो हे करत नाही तो पुढे 'गाण्याचे सर्व हक्क' असं मसुद्यात लिहून बसतो, आणि त्या तीन शब्दांत कुणाचं काय गेलं हे त्यालाही कळत नाही.

आपल्या शहरात हा अभ्यास करायला फार चांगली सामग्री आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दूखाँ-हस्सूखाँची ही गादी, १९१८ साली भातखंडे आणि माधवराव शिंद्यांनी सुरू केलेलं संगीत महाविद्यालय, दर डिसेंबरात तानसेनाच्या समाधीजवळ भरणारा समारोह. घरोघर जुन्या मैफिलींच्या टेप पडल्या आहेत. त्यातली एक घ्या आणि विचारा, ही कुणाची? राग कुणाच्याच मालकीचा नसतो. सदारंग-अदारंग या जुन्या रचनाकारांच्या बंदिशी सगळ्यांच्या आहेत. पण कुमार गंधर्व १९९२ साली गेले, म्हणून त्यांनी स्वतः बांधलेल्या बंदिशींवरचा हक्क २०५२ संपेपर्यंत वारसांकडे राहतो. आणि १९९६ च्या मैफिलीत कुणी पारंपरिक बंदिश गायली असेल, तर बंदिश मोकळी, पण त्या दिवशीच्या गाण्यावर गायकाचा हक्क २०४६ पर्यंत आहे, कारण सादरकर्त्याचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९५ पासून लागू झाला. परंपरेतून आलेली रचना कुठे संपते आणि एका माणसाची नवी निर्मिती कुठे सुरू होते, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. ध्रुपदाच्या एका रचनेवरून २०२५ साली दिल्ली हायकोर्टाच्या एकलपीठाने कलाकाराच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि काही महिन्यांतच खंडपीठाने तो रद्द केला. दोन्ही निकाल मुळापासून वाचा. संगीत कळणाऱ्या माणसाला त्यात जे दिसतं ते नुसत्या वकिलाला दिसत नाही. म्हणून गाणं, नाटक, चित्र, लेखन यांतलं काहीतरी एक तुम्हाला आतून कळत असेल तर ते सोडू नका. तुमची खरी पुंजी ती आहे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठी क्लॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन भोपाळच्या एनएलआययूसारखं राष्ट्रीय विधी विद्यापीठ; किंवा कुठलीही पदवी घेऊन तीन वर्षांचं एलएलबी. मी संगीत विषय घेऊन बीए केलं आणि मग इथल्याच कॉलेजातून एलएलबी. दोन्ही रस्ते चालतात. त्यानंतर राज्य अधिवक्ता परिषदेत, म्हणजे बार कौन्सिलमध्ये, नोंदणी. सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटातल्या उमेदवाराकडून नोंदणीसाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, हे लक्षात असू द्या. मग अखिल भारतीय बार परीक्षा, शंभर प्रश्न, बेअर ॲक्ट, म्हणजे टीपांशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर, जवळ ठेवता येतात. पेटंट एजंटची परीक्षा मात्र विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी असल्याशिवाय देता येत नाही. कला शाखेची मुलं त्यावरून उगाच खचतात. मनोरंजनाच्या कामाला पेटंट जवळजवळ लागत नाही, आणि ट्रेडमार्कचं काम वकिलाला वकील म्हणूनच करता येतं. मध्य प्रदेशचे ट्रेडमार्क अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, सगळं ऑनलाइन. वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डीएल-१०१ हा प्राथमिक अभ्यासक्रम फुकट आहे, तो पहिल्या वर्षीच करून टाका.

चार कायदे अंगवळणी पडले पाहिजेत. कॉपीराइट कायदा १९५७, ट्रेडमार्क कायदा १९९९, करार कायदा १८७२, आणि ज्याकडे मुलं वळूनही पाहत नाहीत तो स्टॅम्पचा कायदा. स्टॅम्प कमी पडला तर तुमचा सोन्यासारखा करार दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.

नोंदणी झाल्या झाल्या मुंबई गाठू नका. दोन वर्षं जिल्हा न्यायालयात एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाकडे राहा. पेशीला, म्हणजे तारखेला कोर्टात, उभं राहणं, साक्षीदाराची उलटतपासणी, वकिलाच्या मुन्शीकडून, म्हणजे कारकुनाकडून, फाइल लावायला शिकणं, अंतरिम मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा, अर्ज लिहिणं. कॉपीराइटच्या दाव्याचा जीव त्या अंतरिम मनाईत असतो. प्रथमदर्शनी केस, सोयीचं पारडं कुणाकडे, न भरून येणारं नुकसान, हे तीन मुद्दे तुम्ही भिंतीच्या भांडणात मांडायला शिकलात की चित्रपटाच्या भांडणातही मांडता येतात. त्यानंतर मुंबईला जाऊन दोन-चार वर्षं निर्मात्यांचं किंवा म्युझिक लेबलचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचं, काम करणाऱ्या फर्ममध्ये काढा. मी अंधेरीत सहा वर्षं होते. समोरच्या बाजूचा वकील कसा विचार करतो हे तिथे बसूनच कळतं.

आता करार. इथे मी जरा थांबणार आहे.

मागच्या वर्षी इथल्या पडाव भागाजवळ राहणारी एक मुलगी आली. तिला एका लेबलने व्हॉट्सॲपवर चौदा पानांची पीडीएफ पाठवली होती आणि 'उद्या सकाळपर्यंत सही' असं सांगितलं होतं. ही घाई जवळजवळ प्रत्येक करारात असते. पहिलं काम म्हणजे वेळ मागणं. तिच्याकडून एक ओळीचा नम्र निरोप पाठवला, 'वाचून चार दिवसांत कळवते.' लेबल पळून गेलं नाही. सहसा जात नाही.

मग वाचायचं कसं? मी आधी व्याख्या वाचते. 'कृती' म्हणजे काय असं लिहिलंय? तिच्या करारात 'करारकाळात कलाकाराने निर्माण केलेली प्रत्येक रचना' असं होतं. म्हणजे एका गाण्याच्या बदल्यात तीन वर्षांत घरी बसून बांधलेली प्रत्येक चाल त्यांची. तिथेच पहिली लाल रेघ.

दुसरी गोष्ट, हक्क विकला जातोय की वापरायला दिला जातोय? असाइनमेंट आणि लायसन्स यांतला फरक मी कलाकारांना घराच्या भाषेत सांगते. एक म्हणजे वाड्याची रजिस्ट्री करून देणं, दुसरं म्हणजे खालचा मजला भाड्याने देणं. मग कॉपीराइट कायद्याचं कलम १९. असाइनमेंट लेखी आणि सही केलेली हवी. कृती कोणती, हक्क कोणते, किती काळ, कुठल्या प्रदेशात, रॉयल्टी किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलाकाराची बाजू असेल तेव्हा या रिकाम्या जागा तुमच्या मित्र आहेत. कंपनीची बाजू असेल तेव्हा त्या भरणं तुमचं कर्तव्य.

तिसरी, माध्यम. 'आज असलेली आणि पुढे निघणारी सर्व माध्यमं' हे वाक्य प्रत्येक मसुद्यात असतं. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते स्पष्ट नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिलं गेलं असं मानलं जात नाही, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीतला समान वाटा मिळाला, आणि तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची सोसायटी १९६९ पासून आहे. आपल्याकडच्या कितीतरी चाली बांधणाऱ्यांनी तिचं सभासदत्वच घेतलेलं नाही. ते घ्यायला लावणं हेही वकिलाचं काम आहे असं मी मानते.

चौथी, पैसे. इथे शब्दांपेक्षा बेरीज-वजाबाकी करून दाखवा. तिच्या करारात 'निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के' असं होतं. मी पाटीवर लिहिलं : गाण्याने ४,००,००० मिळवले. त्यातून व्हिडिओचा खर्च ३,००,००० वजा, प्रसिद्धीचा ६०,००० वजा. उरले ४०,०००. त्याचे २० टक्के म्हणजे ८,०००. तेच एकूण उत्पन्नाचे २० टक्के असते तर ८०,०००. मुलगी पाटीकडे बघत राहिली. तिच्या आईने विचारलं, "आणि खर्च ते म्हणतील तेवढा?" अगदी नेमका प्रश्न. म्हणून आम्ही तीन वाक्यं घालून घेतली. खर्चाला वरची मर्यादा, दर सहा महिन्यांनी लेखी हिशेब, आणि वर्षातून एकदा आपल्या सीएकडून त्यांची वही तपासायचा हक्क. टक्का त्यांनी वाढवला नाही. पण ही तीन वाक्यं दिली, आणि ती टक्क्यापेक्षा मोलाची आहेत.

पाचवी, करार संपल्यानंतरची बंधनं. करार संपला तरी दुसरीकडे गायचं नाही किंवा आधी आम्हालाच विचारायचं, अशा अटी असतात. २००६ साली क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने करार कायद्याच्या कलम २७ खाली असं बंधन टिकत नाही असं सांगितलं. हा निकाल पाठ करा, वारंवार लागतो. आणि आता एक नवं कलम मी प्रत्येक करारात घालते, की आवाजाची यंत्राने नक्कल करायची परवानगी यात दिलेली नाही. अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई हायकोर्टाने २०२४ साली अशा नकलेला अंतरिम मनाई केली, पण प्रत्येक गायकाला हायकोर्ट परवडत नाही. एक वाक्य परवडतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. मुंबईत माझं तिसरं वर्ष. एका छोट्या मराठी निर्मात्यासाठी इंदूरच्या एका लेखकाकडून कथेचे चित्रपट-हक्क घ्यायचे होते. मी करार केला, सात वर्षांची मुदत, रक्कम, सगळं नीट. निर्माता दुसऱ्या चित्रपटात अडकला आणि पहिलं वर्ष काहीच झालं नाही. चौदाव्या महिन्यात त्याने पटकथाकाराला पहिला हप्ता दिला. पुढे सहा लाख खर्च झाल्यावर एका ओटीटी कंपनीच्या वकिलाने चेन ऑफ टायटल, म्हणजे हक्क कुणाकडून कुणाकडे आला ती साखळी, तपासताना मला फोन केला, "मॅडम, १९(४) वगळल्याचं वाक्य कुठे आहे?" कलम १९(४) सांगतं की हक्क घेतल्यापासून एक वर्षात वापरला नाही तर तो आपोआप परत जातो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. मी वेगळं लिहिलं नव्हतं. सात वर्षांच्या मुदतीने काही वाचलं नाही. मधल्या काळात लेखकाने ती कथा रीतसर दुसऱ्याला दिली होती, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी निर्मात्याला समोर बसून सांगितलं की ही चूक माझी आहे. त्याचा चित्रपट झाला नाही. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एका कागदावर फक्त '१९(४)' लिहिलेलं आहे, आणि हक्क घेणाऱ्याची बाजू असली की मी मसुदा पाठवण्याआधी तिथे बोट ठेवते.

कोर्टात जायची वेळ आलीच तर लहान शहरातल्या वकिलाच्या हातात एक चांगलं कलम आहे, कॉपीराइट कायद्याचं ६२. कॉपीराइटचा दावा वादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. ग्वाल्हेरच्या गायकाला मुंबईच्या कंपनीमागे मुंबईला धावावं लागत नाही. फक्त २०१५ चा संजय दालिया प्रकरणाचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सोबत वाचा, त्याने या सवलतीला मर्यादा घातली आहे. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा जास्त असेल तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयात जातं, आणि तातडीची मनाई मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे.

पुरावा पहिल्याच दिवशी गोळा करा. स्क्रीनशॉट घेताना पूर्ण पत्ता, तारीख, वेळ दिसली पाहिजे. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, एक पक्षकाराचं, एक तज्ज्ञाचं, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, त्यात लिहावी लागते. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण ५०० रुपयांत कथेची किंवा चालीची होते आणि भांडणात हाताशी कागद राहतो. कलाकार म्हणतात, "ताई, तारखेचा शिक्का पुरावा म्हणून राहावा म्हणून मीच मला पत्र पोस्टाने पाठवून ठेवलंय." त्यावर विसंबू नका.

काम कसं मिळवायचं हे मुलं हळू आवाजात विचारतात. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही, इन्स्टाग्रामवरही नाही. केस जिंकली तर अर्धे पैसे तुमचे, असं कलाकार प्रेमाने म्हणतात. तेही घेता येत नाहीत. आणि वकिली करताना त्याच गायकाचा मॅनेजर होऊन कमिशनवर धंदा करता येत नाही, हा मोह फार होतो. मी परत आले तेव्हा संगीत शिकणाऱ्या मुलांसमोर फुकट बोलायला जायचे, 'करार कसा वाचावा' यावर तासभर. पहिले पक्षकार त्या वर्गांतून आले, नंतर त्यांचे गुरुजी, मग लग्नांचं शूटिंग करणारे, नाटकवाले, आणि एक खानावळवाले काका ज्यांच्या नावाची पाटी दुसऱ्याने लावली होती. फी मसुद्यामागे ठरवून घ्या, आधी सांगा, लिहून द्या. विद्यार्थी कलाकाराकडून कमी घ्या, पण फुकट करू नका. फुकटच्या सल्ल्याचा कागद कुणी वाचत नाही.

सहीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. प्रत्येक पानावर दोघांची सही, खाडाखोड असेल तिथे पुन्हा सही, शेवटच्या पानावर दोन साक्षीदार, पत्ते पूर्ण. पडावच्या त्या मुलीची सही झाली तेव्हा मी दोन मूळ प्रती केल्या होत्या. एक कंपनीच्या माणसाने नेली. दुसरी मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तिच्या हातात दिली, शिवाय स्कॅन करून तिच्या आणि तिच्या आईच्या मेलवर तिथल्या तिथे पाठवली, आणि मेल पोचली का हे दोघींच्या फोनवर उघडून पाहिल्याशिवाय त्यांना उठू दिलं नाही.